फ्रान्सिस लीबर : वर्गातून रणांगणाकडे

आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्याचा इतिहास सामान्यतः सोल्फेरिनोची लढाई, हेन्री ड्यूनां व १८६४ चा जिनिव्हा करार यांपासून सांगितला जातो. या मांडणीत अध्यापकांचे कार्य झाकोळून जाते. जिनिव्हा कराराच्या एक वर्ष आधी युद्धनियमांची पहिली आधुनिक संहिता सिद्ध झाली, ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयातील प्राध्यापक फ्रान्सिस लीबर यांच्या लेखणीतून.

अमेरिकन यादवी युद्धाच्या पहिल्या हिवाळ्यात, १८६१-६२ मध्ये, लीबर यांनी युद्धाचे कायदे व प्रथा यांवर व्याख्यानमाला दिली. विषय त्यांच्या घरातही होता. त्यांचे दोन पुत्र उत्तरेच्या, तर एक दक्षिणेच्या सैन्यात होता. १८६२ मध्ये एकाने हात गमावला. दक्षिणेकडून लढणारा ऑस्कर मृत्यू पावला. पुढे सेनापती हॅलेक यांच्या पाठिंब्याने लीबर यांच्या चिंतनास आदेशाचे रूप आले. २४ एप्रिल १८६३ रोजी लिंकन यांच्या संमतीने १५७ कलमांची संहिता निघाली.

छळ व विषप्रयोग यांस तीत मनाई होती. शत्रूकडून पळून आलेला गुलाम स्वतंत्र मानला गेला. दक्षिण कॅरोलिनात अध्यापन करताना लीबर स्वतः गुलाम बाळगत होते, हे येथे नोंदविणे अगत्याचे आहे. 'लष्करी आवश्यकता' या संकल्पनेसही त्यांनी अवाजवी मुभा दिली. कलम १७ ने निःशस्त्र शत्रूचीही उपासमार वैध ठरविली. नागरिकांची उपासमार हे युद्धसाधन म्हणून निषिद्ध ठरण्यास १९७७ चा पहिला पूरक प्रोटोकॉल यावा लागला. मध्ये ११४ वर्षे गेली.