पिंजऱ्याकडून न्यायासनाकडे

मार्च १९१२. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात फ्रेडरिक सेडन याच्यावर विषप्रयोगाने खून केल्याचा खटला संपला होता. न्यायमूर्ती बकनिल यांनी डोक्यावर प्रथेप्रमाणे काळे कापड घेतले आणि फाशी सुनावली. कुणीतरी लपवून आणलेल्या कॅमेऱ्याने तो क्षण टिपला. त्याआधी दोनच वर्षे पत्नीच्या खुनाचा आरोप असलेल्या डॉ. क्रिपेनचेही आरोपीच्या पिंजऱ्यातले छायाचित्र असेच निघाले होते. कॅमेरे लहान झाले होते, वृत्तपत्रांचा खप फोटोंवर वाढत होता आणि लोकांना खुन्याचा चेहरा पाहायचा होता. शिक्षा का झाली, हे त्या फोटोंतून कुणालाच कळत नव्हते.

ब्रिटिश पार्लमेंटने १९२५ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टमध्ये यावर बंदी घातली. कलम ४१ नुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये न्यायालयाच्या इमारतीत व आवारात न्यायाधीश, ज्यूरी, साक्षीदार किंवा पक्षकार यांचा फोटो काढणे गुन्हा ठरले. दंड ५० पौंडांपर्यंत. पेन्सिलही सुटली नाही. त्यामुळे तिथले चित्रकार सुनावणी डोळ्यांत साठवतात, बाहेर येतात आणि आठवणीने चित्र काढतात.

पुढे टेलिव्हिजन घरोघर पोचला. १९८९ मध्ये हाउस ऑफ कॉमन्समध्येही कॅमेरे आले, तरी न्यायालयाचे दार बंदच राहिले. १९९५ मध्ये माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनचा अमेरिकेतला खुनाचा खटला महिनोन्‌महिने वाहिन्यांवर चालला, तेव्हा कॅमेऱ्याला विरोध करणाऱ्यांना आयता दाखला मिळाला.

वाट निघाली स्कॉटलंडमधून. १९२५ ची बंदी तिथे लागू नव्हती. लॉर्ड प्रेसिडेंट, म्हणजे तिथले सर्वांत वरिष्ठ न्यायाधीश, होप यांनी १९९२ मध्ये काही अटींवर चित्रीकरणाची मुभा दिली. एप्रिल २०१२ मध्ये एडिंबराच्या उच्च न्यायालयात लॉर्ड ब्रॅकाडेल यांनी एका खुन्याला जन्मठेप सुनावली आणि किमान १८ वर्षे तुरुंगात काढण्याचा आदेश दिला. ते चित्रीकरण त्याच दिवशी प्रक्षेपित झाले. पडद्यावर आरोपी दिसला नाही, न्यायाधीश दिसले.

इंग्लंडने हाच धडा गिरवला. २००९ मध्ये सुरू झालेल्या सर्वोच्च न्यायालयाला बंदीतून वगळण्यात आले, २०१३ मध्ये अपील न्यायालयात कॅमेरे आले आणि २०२० च्या आदेशाने गंभीर गुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या क्राउन कोर्टाचा मार्ग मोकळा झाला. २८ जुलै २०२२ रोजी ओल्ड बेलीत न्यायाधीश सारा मन्रो यांनी आजोबांचा जीव घेणाऱ्या एका तरुणाला शिक्षा सुनावली, ती कॅमेऱ्यासमोर. ज्यूरीने त्याला खुनाच्या नव्हे, सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरवले होते. शिक्षा जन्मठेपेची, त्यात किमान १० वर्षे ८ महिने. चित्रीकरणाला न्यायाधीशाची परवानगी लागते आणि कॅमेरा फक्त न्यायाधीशावर असतो. आरोपी, साक्षीदार, ज्यूरी, मृताचे नातेवाईक, कुणीही दिसत नाही.

कॅमेऱ्याचे तोंड असे फिरल्याने काय साधले, ते जानेवारी २०२५ मध्ये लिव्हरपूलला दिसले. साउथपोर्टमध्ये तीन लहान मुलींचा खून करणाऱ्याला न्यायमूर्ती गूस यांनी जन्मठेप दिली आणि किमान मुदत ५२ वर्षे ठरवली. कधीच सुटका नसलेली आजन्म कैद का नाही, हा संतप्त प्रश्न उठणारच होता. उत्तर न्यायमूर्तींच्याच तोंडून आले: गुन्ह्याच्या वेळी आरोपीला १८ वर्षे पूर्ण व्हायला नऊ दिवस कमी होते आणि त्या वयाच्या गुन्हेगाराला तशी कैद देण्याचा अधिकार कायदा न्यायाधीशाला देत नाही. एरवी न्यायाधीशाच्या माथी मारला जाणारा बोल त्यामुळे कायद्याकडे वळला. कायदा पटेल किंवा पटणार नाही, पण भांडण कुणाशी आहे हे तरी लोकांना कळले.

किमान मुदत संपली की कैदी आपोआप सुटत नाही, तेव्हा फक्त पॅरोल बोर्ड त्याचा विचार करू शकते. हे, किंवा गुन्हा कबूल केल्यास शिक्षेत सूट का मिळते, अशा गोष्टीही या भाषणांतून कळतात. अट एकच, भाषण पूर्ण ऐकले पाहिजे. संध्याकाळच्या बातमीत मात्र अर्ध्या तासाच्या विवेचनातले एखादे कठोर विशेषण आणि वर्षांचा आकडा एवढेच उरते. शिवाय ज्या पुराव्यावर शिक्षा उभी असते, तो पडद्यावर येत नाही. आणि इंग्लंडमधले ९० टक्क्यांहून अधिक फौजदारी खटले जिथे निकाली निघतात, त्या मॅजिस्ट्रेट कोर्टांत हा कॅमेरा पोचलेलाच नाही.

म्हणून या प्रयोगाचे श्रेय मोजून द्यावे. कॅमेरा आरोपीच्या चेहऱ्यावरून न्यायाधीशाच्या कारणांकडे वळला, ही खरी सुधारणा आहे. पण त्याला दिसतात ते मूठभर गाजलेले, भीषण गुन्हे. तेवढे पाहून न्यायव्यवस्था समजली असे मानणाऱ्याला तिचा फारच छोटा आणि फारच भडक भाग कळलेला असतो.