रात्री आठ ते साडेअकरा

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधील ‘आठ-एच’ हा स्टुडिओ मुळात नभोवाणीसाठी उभारलेला. आर्तुरो तोस्कानिनी यांनी एनबीसीच्या वाद्यवृंदाचे संचालन येथे केले. याच वास्तूतून ११ ऑक्टोबर १९७५ रोजी रात्री साडेअकराला ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या प्रहसनांच्या कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपण सुरू झाले. कारण काही कलात्मक नव्हते. जॉनी कार्सन यांना आपल्या कार्यक्रमाचे जुने भाग शनिवार-रविवारी पुन्हा दाखविले जाणे नको होते. ती जागा भरायची होती. कॅनडात जन्मलेल्या लॉर्न मायकेल्स या तिशीतल्या तरुणाकडे ते काम आले.

पडद्यामागचा क्रम पन्नास वर्षे जवळजवळ तोच राहिला आहे. सोमवारी त्या आठवड्याच्या पाहुण्यासमोर कल्पना मांडायच्या, मंगळवारची रात्र जागून लिहायचे, बुधवारी चाळीसेक प्रहसनांचे सामुदायिक वाचन. त्यांतली निवडक राहतात आणि त्यांचे नेपथ्य बांधायला घेतले जाते. शनिवारी रात्री आठला प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम होते. ती मूळ कार्यक्रमापेक्षा लांब असते. ज्याला हशा मिळाला नाही ते तालमीनंतर गळते. नटांचे संवाद मोठ्या पुठ्ठ्यांवर हाताने लिहिलेले असतात. ते तेवढ्या वेळात खोडून पुन्हा लिहावे लागतात. काम पुरे झाले म्हणून कार्यक्रम सुरू होत नाही, साडेअकरा वाजले म्हणून होतो, असे मायकेल्स सांगत आले आहेत. १९८० साली ते निघून गेले. जीन डुमेनियन यांची कारकीर्द वर्षभरही टिकली नाही, पुढे डिक एबरसोल यांनी तो सावरला, आणि १९८५ मध्ये मायकेल्स परतले.

तालीम आणि प्रक्षेपण यांमधल्या या फटीनेच ३ ऑक्टोबर १९९२ ची रात्र घडविली. आयरिश गायिका शिनेड ओ’कॉनर यांनी तालमीत बॉब मार्ली यांचे ‘वॉर’ हे गीत वाद्यांविना म्हटले आणि अखेरीस एका बालकाचे छायाचित्र कॅमेऱ्यासमोर धरले. कोणाला शंका आली नाही. प्रक्षेपणात मात्र त्यांनी परमगुरू पोप जॉन पॉल दुसरे यांचे छायाचित्र काढून फाडले. दिग्दर्शक डेव्ह विल्सन यांनी टाळ्यांची सूचना देणारा दिवा लावू दिला नाही. सभागृह नि:शब्द राहिले. पुढच्या शनिवारी पाहुणे जो पेशी यांनी ते छायाचित्र चिकटवून आणून दाखविले, आणि टाळ्या पडल्या.

माझ्यासारख्या धर्मगुरूला ते दृश्य आजही खुपते. फाटलेला कागद आमच्या पित्याचा होता. परंतु गीतातले शब्द बदलून ओ’कॉनर बालकांवरील अत्याचाराविषयी गात होत्या, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांनी तेव्हा लक्षात घेतली? संतापाच्या गलबल्यात गाणे ऐकूच आले नाही. २०१० साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आयर्लंडच्या कॅथलिकांना पत्र लिहून धर्मगुरूंच्या हातून झालेल्या त्याच पापाबद्दल लज्जा व्यक्त केली. फाडलेले छायाचित्र आपल्या आईच्या खोलीत भिंतीवर होते, असे ओ’कॉनर यांनी २०२१ च्या आत्मकथनात लिहिले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्या भागाचे पुढे पुन:प्रक्षेपण झाले तेव्हा एनबीसीने त्यात रंगीत तालमीतले गाणे घातले. बालकाचे छायाचित्र धरलेले.