बाळहिरड्याचा हिशेब

पावसाळ्यात सैंधवाबरोबर, शरदात साखरेबरोबर, हेमंतात सुंठीबरोबर, शिशिरात पिंपळीबरोबर, वसंतात मधाबरोबर आणि ग्रीष्मात गुळाबरोबर. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ ग्रंथात हिरडा खाण्याचं हे वर्षभराचं वेळापत्रक आहे. ऋतुहरीतकी या नावानं वैद्य ते आजही सांगतात. रोग झाल्यावर घ्यायचं हे औषध नव्हे. धडधाकट माणसानं आपली प्रकृती आणखी सुधारावी, म्हातारपण लांबवावं म्हणून स्वतःवर करायचा हा उपचार आहे. गोळ्या, पावडरी, जीवनसत्त्वं आणि हार्मोन घेऊन शरीरात काय फरक पडतो ते टिपत बसणाऱ्या आजच्या शहरी माणसाला आपला उद्योग अगदी नवा वाटतो. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला, आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या डोंगरांत, त्याचा एक फार जुना धागा सापडतो.

‘भावप्रकाश’ नुसतं वेळापत्रक देऊन थांबत नाही. चावून खाल्लेला हिरडा भूक वाढवतो, वाटून घेतलेला पोट साफ करतो, उकडलेला उलट मळ बांधून धरतो आणि भाजलेला तिन्ही दोष शमवतो, असं तो सांगतो. एकाच फळाचे चार वेगळे गुण नुसत्या तर्कानं कळत नाहीत. कुणीतरी ते चावून पाहिलं, कुणी उकडून पाहिलं, दुसऱ्या दिवशी पोटाचं काय झालं ते लक्षात ठेवलं आणि पुढच्याला सांगितलं. अशा कित्येक पिढ्यांच्या पोटांचा अनुभव त्या चार ओळींत साठला आहे. ग्रंथ भावमिश्राच्या नावावर आहे, पण ज्यांनी फळ खाऊन पाहिलं त्यांची नावं कुठेच नाहीत.

त्याच ग्रंथात हिरडा कुणी खाऊ नये याचीही यादी आहे: वाटचालीनं थकलेला, अशक्त, रोडावलेला, उपासानं खंगलेला, पित्त वाढलेला, रक्त काढलेला माणूस आणि गरोदर बाई. ही यादी वाचताना आंबेगावच्या डोंगरातला उन्हाळा डोळ्यांपुढे येतो. घरातला भात संपत आलेला आहे, पाण्यासाठी लांबची वाट तुडवायची आहे आणि त्यातच हिरड्याचा हंगाम ऐन भरात आलेला आहे. म्हणजे हिरडा सगळ्यांत जास्त ज्यांच्या हातांतून जातो, तीच माणसं त्या दिवसांत शास्त्राच्या मते तो खाण्याच्या स्थितीत नसतात.

भीमाशंकरच्या आसपास आणि उत्तरेला नाणेघाटाकडे जाणाऱ्या सह्याद्रीच्या कडेला हिरडा उदंड आहे. आंबेगावात आहुपे, कोंढवळ, तळेघर, पाटण, तर जुन्नरात आंबे-हातवीज, इंगळूण, घाटघर या गावांत तो जंगलात आहे आणि मालकीच्या रानांतही आहे. इथली वस्ती प्रामुख्यानं महादेव कोळ्यांची. पावसाच्या भरवशावरचं भाताचं एक पीक, वरच्या उतारांवर नाचणी आणि वरई, आणि रोख पैसा हवा असेल तर हिरडा. आगोटीच्या आधी मीठमिरची, बी-बियाणं, पोरांचे कपडे, एखाद्या लग्नाचं देणं, हे सगळं या झाडाच्या जिवावर उरकायचं असतं.

पैसा येतो तो बाळहिरड्याचा. फळात आठळी धरण्याआधीच, एप्रिल-मेच्या सुमारास, ते कोवळं असताना उतरवतात. माणूस झाडावर चढून काठीनं फांद्या झोडतो, खाली बायका आणि मुलं पडलेली फळं वेचतात. मग ती अंगणात नाहीतर खळ्यावर पसरून कडक वाळवायची. हिरवं फळ वाळून काळं, सुरकुतलेलं, मनुक्यासारखं होतं. वाळवणात असताना वळवाचा पाऊस आला तर माल बुरसतो आणि भाव पडतो, म्हणून त्या दिवसांत आभाळ भरून आलं की सगळं घर अंगणात धावतं. झाडावर राहिलेलं फळ पुढे पिकून पिवळट होतं, टणक आठळी धरतं. तो बाजारातला मोठा हिरडा. बाळहिरडा औषधाला जातो, मोठा औषधालाही आणि कातडी कमावायलाही. कोल्हापुरी चपलेचं कातडं परंपरेनं बाभळीची साल आणि हिरडा वापरूनच कमावलं जातं.

मराठी घरात बाळहिरडा शिरतो तो बाळंतिणीच्या खोलीतून. बाळगुटीच्या पेटीत हिरडा, बेहडा, सुंठ, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, हळकुंड, खारीक, बदाम अशी मंडळी असतात. दूध नाहीतर पाणी घालून एकेक वस्तू सहाणेवर उगाळायची आणि मोजायची ती वेढ्यांनी. याचा एक वेढा, त्याचे दोन. बाळाला शी घट्ट झाली की हिरड्याचा वेढा वाढवायचा, पातळ झाली की कमी करायचा आणि जायफळाचा वाढवायचा. आजी रोज सकाळी बाळाचं लंगोट पाहून त्या दिवशीचं प्रमाण ठरवत असे. मात्रा बदलायची, परिणाम पाहायचा, पुन्हा बदलायची ही पद्धत प्रयोगशाळेतल्यापेक्षा फार वेगळी नव्हती. नोंद तेवढी वहीत होत नव्हती. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं असं आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात आणि ते ऐकायलाच हवं. तरी त्या वेढ्यांमागचं निरीक्षण कच्चं होतं, असं कुणी म्हणू नये.

हे फळ फार पूर्वीच देशाबाहेर पोचलं होतं. मध्ययुगीन युरोपातल्या औषधविक्यांच्या कपाटांत ‘मायरोबलान’ नावाखाली पाच प्रकारची फळं असत. त्यांत आवळा होता, बेहडा होता, मोठा हिरडा होता, आणि ‘इंडियन’ म्हणून ओळखलं जाणारं काळं फळ होतं, ते हिरड्याचं कोवळं वाळलेलं फळ, म्हणजे आपला बाळहिरडा. गोव्यात स्थायिक झालेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानं १५६३ मध्ये तिथेच छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात या फळांना एक स्वतंत्र संवाद दिला. ऐकीव माहितीवर विसंबलेल्या युरोपी पंडितांच्या चुका त्यानं इथल्या अनुभवाच्या आधारे दाखवल्या.

जुन्नर तालुक्याचा औषधी वनस्पतींशी सरकारी संबंध आला तो एकोणिसाव्या शतकात. अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर १८२५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आला. काही काळ तो दख्खन आणि खानदेशात देवीच्या लसीकरणाच्या कामावर होता आणि १८३८ मध्ये पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी वनस्पतीबागेचा प्रमुख झाला. त्याच बागेची एक शाखा जुन्नरजवळच्या हिवरे गावी होती. विलायतेहून महाग औषधं आणण्यापेक्षा सरकारी दवाखान्यांना लागणारी औषधं इथेच पिकवावीत, असा उद्देश होता. सोनामुखी आणि खुरासानी ओव्यासारख्या वनस्पतींची लागवड त्यासाठी झाली. गिब्सननं दापोडीत एका इंडो-पोर्तुगीज चित्रकाराकडून वनस्पतींची चित्रंही काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पतीउद्यानात जपलेली आहेत. चित्रकाराचं नाव मात्र टिकलं नाही.

सोनामुखी हे रेचक आहे. ते सरकार हिवऱ्याला मुद्दाम लावत होतं आणि त्याच तालुक्याच्या पश्चिमेला डोंगरभर रेचक हिरडा पिकत होता. या दोन गोष्टी एकाच नजरेत घेतल्या की त्या काळातल्या औषधविद्येचा कल ध्यानात येतो. जे फार्माकोपियात होतं ते लावायचं, जे डोंगरातल्या बाईला ठाऊक होतं ते कातड्याच्या कारखान्यांना विकायचं. हिरड्यातल्या टॅनिनमुळे इंग्लंडच्या चर्मोद्योगात त्याला मोठी मागणी होती आणि मुंबई बंदरातून तो भरपूर जात असे.

गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. जंगल तुटलं की पाऊसपाण्यावर परिणाम होतो, हे त्यानं कळकळीनं मांडलं. पण त्यातून उभं राहिलेलं खातं आणि पुढचा १८७८ चा वनकायदा यांनी डोंगरातल्या माणसाला त्याच्याच रानात परका केला. वरून सावकारी होतीच. आंबेगावच्या जांभोरीचा होन्या भागोजी केंगले १८७३ पासून सावकारांविरुद्ध उठला. त्याची माणसं सावकारांची नाकं कापत. १८७६ मध्ये तो पकडला गेला. सरकारी कागदांत त्याची नोंद दरोडेखोर म्हणून आहे. ज्या कर्जांनी त्याला उठवलं, ती कर्जं त्याच्यानंतरही राहिली. उन्हाळ्यात येणारा हिरडा पावसाळ्यातच उचल घेऊन व्यापाऱ्याला बांधून द्यायचा, ही रीत डोंगरात पुढे कित्येक वर्षं चालली.

याच पुणे जिल्ह्यात स्वतःच्या शरीरावरच्या प्रयोगांचा एक वेगळा, जगभर गाजलेला अध्याय घडला. महात्मा गांधींनी आरोग्यावरचं आपलं पुस्तक १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना लिहिलं. १९४६ च्या मार्चमध्ये ते उरुळी कांचनला येऊन राहिले आणि तिथे निसर्गोपचाराचं केंद्र सुरू झालं. मणिभाई देसाईंनी ते पुढे वाढवलं. गांधींचा कल औषधं कमी करण्याकडे होता, आणि आहारावरचे त्यांचे सगळे प्रयोग यशस्वीही झाले नाहीत. १९२९ मध्ये त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला. पोट बिघडलं, आव झाली, तेव्हा तो थांबवला आणि आपल्या साप्ताहिकात तसं उघड लिहिलं. फसलेला प्रयोग जाहीर करण्याची ही शिस्त आहार-औषधांचे प्रयोग करणाऱ्या फार थोड्यांनी पाळली आहे.

स्वातंत्र्यानंतर हिरड्याच्या व्यवहारात सरकार उतरलं. आदिवासी विकास महामंडळाची स्थापना १९७२ ची. १९७६ च्या आदिवासी आर्थिक स्थिती सुधारणा कायद्यानं आदिवासींच्या मालाची एकाधिकार खरेदी महामंडळाकडे सोपवण्याची वाट खुली केली. व्यापाऱ्याचा काटा आणि सावकाराची वही यांना त्यामुळे पहिल्यांदा पर्याय मिळाला. त्याच काळात डिंभे धरणानं घोड नदीचं खोरं बदलून टाकलं. विस्थापितांबरोबर उभ्या राहिलेल्या आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या ‘शाश्वत’ संस्थेनं डोंगरउतारावर भातखाचरं काढण्याच्या पडकईच्या जुन्या रीतीला बळ दिलं. २०१२ मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर मालकी हक्क दिला. म्हणजे कागदावर तरी हिरडा वेचणाऱ्याचा झाला.

शहरात आज तो त्रिफळा म्हणून पोचतो. हिरडा, बेहडा, आवळा समभाग घेऊन केलेलं हे चूर्ण आता कॅप्सूलमध्ये मिळतं आणि रात्री झोपताना घेतलं जातं. ऋतू, अनुपान, कुणी घेऊ नये याची यादी, यांतलं फार थोडं त्या बाटलीबरोबर येतं. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत किती महाग पडू शकते ते करोनाच्या साथीत दिसलं. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले. त्या काळात यकृताला इजा होऊन आलेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. सहाही जणांनी गुळवेल घेतली होती. आयुष मंत्रालयानं त्या निष्कर्षाला हरकत घेतली. मात्र एखादी वेल, एखादं फळ किती आणि किती दिवस घ्यायचं, याचा हिशेब ठेवल्याशिवाय स्वतःवर प्रयोग करणं धोक्याचं आहे. सहाणेवरचे वेढे मोजणाऱ्या आजीला ते पक्कं ठाऊक होतं.

डोंगरातला हिशेब मात्र अजून जुळलेला नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ जिल्ह्यावरून गेलं तेव्हा आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम भागात हिरड्याची झाडं मोडली, उन्मळून पडली. हिरडा कुणी पेरत नाही. नवं झाड फळाला यायला वर्षानुवर्षं लागतात. एका दुपारी गेलेलं झाड म्हणजे त्या घराचा पुढचे कित्येक उन्हाळे बुडालेला रोख पैसा. त्याच्या भरपाईसाठी आदिवासी शेतकऱ्यांना किसान सभेच्या झेंड्याखाली पुन्हा पुन्हा आंदोलनं करावी लागली. हंगामाच्या आधी भाव जाहीर व्हावा, महामंडळाची खरेदी वेळेवर सुरू व्हावी, माल वाळवायला आणि साठवायला गावात सोय व्हावी, हिरड्यावरची प्रक्रिया तालुक्यातच व्हावी, अशा त्यांच्या मागण्या आहेत.