पडदे तेच, तारा वेगळ्या

ग्वाल्हेरला आलेल्या पाहुण्यांना आपण आवर्जून सरोद घर दाखवतो. हे उस्ताद हाफिज अली खाँसाहेबांचे वडिलोपार्जित घर, असे अभिमानाने सांगतो. पण सरोद जन्माला आले ते एका जुन्या वाद्यात फेरफार करून, हे सांगायचे बहुधा राहून जाते. अफगाणी रबाबाच्या आतड्याच्या तारा गेल्या, धातूच्या आल्या. लाकडी पट्टीवर पोलादी पत्रा बसला आणि लांब मींड घेता येऊ लागली. बंगश घराण्यात याचे श्रेय हाफिज अलींचे आजोबा गुलाम अली खाँ यांना देतात.

मँडोलिनची कथाही अशीच आहे. 18व्या शतकात इटलीतील नेपल्स शहरी घडलेल्या मँडोलिनची पाठ भोपळ्यासारखी गोल होती. तारा आठ, पण दोन-दोनच्या चार जोड्या आणि स्वर व्हायोलिनसारखे लावलेले. अमेरिकेत ऑर्व्हिल गिब्सन यांनी ही गोल पाठ काढून टाकली आणि व्हायोलिनप्रमाणे लाकूड कोरून पाठ व तबली तयार केली. त्यांना 1898 साली त्याचे पेटंट मिळाले. 1922 मध्ये लॉइड लोर यांच्या देखरेखीखाली गिब्सन कंपनीने गोल छिद्राऐवजी व्हायोलिनसारखी दोन लांबट छिद्रे असलेले एफ-5 मँडोलिन काढले. रूप पार पालटले, स्वर लावण्याची रीत मात्र तीच राहिली.

आपल्याकडे प्रश्न निराळा होता. जोडतारांवर मींड घ्यायची तर दोन्ही तारा एकदम आणि सारख्याच ओढाव्या लागतात. सीतामऊला 1917 मध्ये जन्मलेले, म्हणजे आपल्या माळव्याचेच, सज्जाद हुसेन यांनी वाद्य न बदलता बोटांच्या तयारीवर ही अडचण पार केली. 'संगदिल' आणि 'रुस्तम सोहराब'चे संगीतकार म्हणून ते रसिकांना ठाऊक आहेत. मँडोलिनवर राग वाजवणारे म्हणून त्यांची आठवण त्या मानाने कमी निघते. आंध्रातील पालकोल्लू येथे 1969 मध्ये जन्मलेल्या यू. श्रीनिवास यांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी विजेवर चालणारे मँडोलिन घेतले, जोड्या मोडून एकेरी तारा ठेवल्या आणि पाचवी तार वाढवली. कर्नाटक संगीतातील गमक त्यावर मोकळेपणाने निघू लागले. त्यांचे गुरू सुब्बराजू स्वतः मँडोलिन वाजवत नसत. ते गात आणि शिष्य ते वाद्यावर उतरवत असे.

गेल्या वर्षी आम्ही काही हौशी मंडळींनी सुट्या भागांचा मँडोलिन-संच आणला आणि त्याचे असेच पाच तारांचे वाद्य केले. आठऐवजी पाच खुंट्या ठेवल्या. दांडीच्या टोकाची खाचांची पट्टी आणि घोडी, दोन्ही पाच तारांच्या हिशेबाने नव्याने कापल्या. ध्वनी वाढवण्यासाठी आत पिकअप बसवला. आमच्यातल्या डिप्लोमावाल्यांना, म्हणजे आम्हालाही, एक गोष्ट पट्टीने मोजून पटली: खुंट्या, तारा, छिद्रे, रंग, सारे बदलता येते, पडद्यांचे माप बदलता येत नाही. तारेची लांबी सुमारे 14 इंच असेल तर बारावा पडदा बरोबर मध्यावर, 7 इंचांवर हवा. घोडी थोडी सरकली तरी वाद्य बेसूर होते. खर्जातले मोठे मँडोलिन करायचे तर तार लांब हवी. मग दांडी आणि पडदे दोन्ही नवेच घ्यावे लागतात.

म्हणून फेरफार केलेल्या वाद्याला कुणी 'भेसळ' म्हटले की आम्हाला ते पटत नाही. गिब्सन, श्रीनिवास, गुलाम अली खाँ यांनी काय बदलायचे हे ठरवले, तसे काय राखायचे हेही ठरवले. शिंदेशाहीबरोबर इकडे आलेल्या आपल्या घरांनाही हाच हिशेब रोज करावा लागतो. आपल्या मराठीत हिंदी शब्द शिरले, पुणेकर पाहुणे त्यावर हसतात, हसू द्यावे. ते तारा-खुंट्या बदलण्यासारखे आहे. पण नातवंडांशी घरात मराठी बोलणेच थांबले, तर ते घोडी सरकल्यासारखे होईल. मग वरून कितीही पॉलिश केले तरी सूर लागणार नाही.