वसईच्या दप्तरात नसलेलं पाणी

वसईवर ज्यांनी राज्य केलं, त्या प्रत्येकाने इथली मोजदाद करून ठेवली. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगीजांना दिली आणि वीस वर्षांनी, १५५४ मध्ये, सिमाव बोतेल्यू या त्यांच्या अधिकाऱ्याने इथलं उत्पन्न आपल्या नोंदवहीत उतरवलं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि मराठ्यांची दप्तरं सुरू झाली. मग इंग्रजांची जमीनमोजणी आली, सातबारा आला, नगरपालिकेची घरपट्टी आली. जमीन कोणाची, सारा किती, क्षेत्रफळ किती, हे सगळं कागदावर आहे. बारा नंबरच्या उताऱ्यात जलसिंचनाच्या साधनाचा एक रकानाही आहे. पण त्या साधनातून पाणी कोणत्या वाटेने कुठवर जातं, ते वाचायला त्या रकान्यात काही सापडत नाही. ती माहिती माणसांच्या तोंडी होती, आणि माणसांबरोबर गेली.

मी इमारतींच्या पाणी, सांडपाणी, वीज आणि वातानुकूलन या यंत्रणांची संगणकावर प्रारूपं करते. आमच्या धंद्यात यांना नुसतं ‘सर्व्हिसेस’ म्हणतात. माझं माहेर वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाडीतलं, आणि यंत्रणा म्हणजे काय हे मी आधी तिथल्या बावखलावर पाहिलं.

बावखल म्हणजे वाडीतलं कच्चं तळं. उतरत्या कडा, न बांधलेला तळ. पावसाळ्यात ते भरतं, पाणी जमिनीत मुरवतं, आणि आजूबाजूच्या विहिरींना त्याचा पाझर मिळतो. समुद्र इतका जवळ असूनही विहिरी गोड्या राहायच्या, कारण गोडं पाणी हलकं, ते जमिनीखाली खाऱ्या पाण्याच्या वर थर धरून राहतं. थर जाड राहिला तर पाणी गोड, उपसा वाढला की खालचं खारं वर चढतं. बावखलावर रहाट असे. बैल फिरले की माळेवरची गाडगी भरून वर येत, पन्हळीत रिकामी होत. पन्हळीतून पाणी पाटात, पाटातून केळीच्या आळ्यांत आणि पानवेलीच्या वाफ्यांत. अगाशीची सुकेळी ज्या राजेळी केळ्यांची होतात, त्या केळी या पाण्यावर वाढल्या.

आजोबा हे सांगायचे तेव्हा वस्तूंची नुसती नावं घेत नसत. बावखल कोणत्या विहिरीला पाझर देतं, पाट कुठे फुटतो, त्या फाट्यावर आज पाळी कोणाची, उन्हाळ्यात आधी कोणता वाफा कोरडा पडतो, हे ओळीने सांगत. दर दोन वस्तूंमध्ये एक क्रियापद असे: देतं, घेतं, अडवतं, ओततं. वाडीतला कुठलाही मुलगा त्या क्रियापदांवरून चालत उगमापर्यंत पोहोचू शकत होता. मला हे इथल्या बांधकामविद्येचं सर्वांत मोलाचं अंग वाटतं. किल्ल्याच्या तटबंदीवर आणि वसईच्या दगडावर पुष्कळ लिहिलं गेलंय (तो दगड थेट गोव्याच्या चर्चवरल्या कोरीवकामासाठी गेला), बावखलांच्या वाट्याला मात्र फार थोडं आलं.

मग इंजिनं आली, विजेचे पंप आले, बैल गेले. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला उपनगरी गाडी सुटली होती, पण वस्तीचा लोंढा यायला पुढची शंभरेक वर्षं लागली. १९९० मध्ये सिडकोला इथलं नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. इमारती वाढत गेल्या, टँकर विहिरी उपसू लागले, कित्येक बावखलं भरावाखाली गेली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने या पाण्यासाठी आणि हिरवाईसाठी मोठा लढा दिला. तो झाला म्हणून आज काही बावखलं जागेवर आहेत. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि ५३ गावं मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती.

या इमारतींतही पाण्याची वाट आहेच. ती वाडीतल्या वाटेपेक्षा गुंतागुंतीची आहे. सूर्या, उसगाव, पेल्हार इथून येणारं महापालिकेचं पाणी, बोअरचं मचूळ पाणी, टँकरचं पाणी. जमिनीखालची टाकी, पंप, चढती लाईन, गच्चीवरची टाकी, डक्टमधून उतरणाऱ्या लाईनी, प्रत्येक फांदीवर व्हॉल्व्ह. खाली नहाणी ट्रॅप, गली ट्रॅप, चेंबर. बांधताना प्लंबरच्या डोक्यात हे सगळं असतं. नकाशे मंजुरीसाठी काढलेले असतात, त्यांत चटईक्षेत्र, सामासिक अंतरं, पार्किंग चोख दाखवलेलं असतं. प्रत्यक्ष कोणती लाईन कुठून फिरवली ते मी तरी जुन्या सोसायट्यांच्या कपाटात क्वचितच पाहिलं. मग गळती लागली की भिंती फोडून शोध घ्यायचा.

जुलै २०१८ च्या पुरात याची किंमत दिसली. नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, वसईची वीज बंद ठेवावी लागली. मीटरची खोली तळमजल्यावर. तिथून पंपाला वीज, पंपातून गच्चीवरच्या टाकीत पाणी, टाकीतून घरात. पहिला दुवा बुडाला की चौथ्या मजल्यावरचा नळही कोरडा. रस्त्यावर कमरेएवढं पाणी आणि घरात प्यायला थेंब नाही, हे आम्ही सगळ्यांनी सोसलं. मीटर, पंप, टाकी आणि नळ यांची साखळी आधीच लिहून ठेवलेली असती, तर मीटर आणि पंप वर घ्यायला हवेत हे कोणालाही पावसाळ्याआधीच वाचता आलं असतं.

जगात हे लिहायची विद्या हळूहळू घडत गेली. आपल्याकडे वस्तू वर्गांत लावण्याची परंपरा जुनी: अमरकोशात नगर आणि घर यांच्या अंगांसाठी पुरवर्ग आहे, शिवकालीन राज्यव्यवहारकोशात दुर्गवर्ग आहे. वैशेषिकांनी द्रव्य, गुण, कर्म यांच्या जोडीला ‘समवाय’ हा संबंधसुद्धा स्वतंत्र पदार्थ मानला. आमच्या कामाच्या इतकं जवळचं शास्त्र मला दुसरं दिसत नाही. १९३३ मध्ये शि. रा. रंगनाथन यांनी द्विबिंदू वर्गीकरण मांडलं. एकच वस्तू अनेक पैलूंनी पाहायची ती रीत पुढे ब्रिटनमधल्या बांधकामाच्या वर्गीकरणांतही दिसते. १९९० च्या दशकात संगणकशास्त्रात ‘ऑन्टॉलॉजी’ हा तत्त्वज्ञानातला शब्द रूढ झाला: एखाद्या क्षेत्रात कोणत्या वस्तू आहेत, त्यांचे प्रकार कोणते आणि त्यांच्यात कोणते संबंध असू शकतात, याची यंत्राला वाचता येईल अशी मांडणी. त्याच दशकात बांधकामाच्या सॉफ्टवेअरना एकमेकांचं बोलणं कळावं म्हणून आयएफसी हे सामायिक प्रारूप तयार होऊ लागलं. २०१३ मध्ये ते आयएसओचं मानक झालं. त्यात भिंत आणि खांब तर आहेतच, शिवाय पाईपच्या तोंडाला पंपाचं तोंड जोडलेलं आहे, हा जोडसुद्धा वेगळी नोंद म्हणून लिहिता येतो. २०१६ मध्ये अमेरिका-युरोपातल्या काही विद्यापीठांनी ‘ब्रिक’ नावाची ऑन्टॉलॉजी मांडली. तिच्यात मोजकेच संबंध आहेत: अमुक तमुकला पुरवतं, अमुक तमुकचा भाग आहे, अमुक इथे आहे, अमुक तमुकवर ताबा ठेवतं. ती वाचताना मला आजोबांची क्रियापदं ओळीने भेटत गेली.

व्यवहारात याचा उपयोग असा. गच्चीवरची टाकी धुवायला बंद करायची आहे. नुसत्या चित्रात रेषा शोधत बसावं लागतं. संबंध लिहिलेले असतील तर प्रश्न विचारता येतो: या टाकीवर अवलंबून काय काय आहे? उत्तरात घरं येतात आणि आग विझवण्याची लाईन त्याच टाकीवर असेल तर तीही येते. ही शेवटची ओळ जीव वाचवणारी आहे.

महाराष्ट्रात हे अशक्य नाही. नागपूर मेट्रोने बांधकामाच्या त्रिमितीय प्रारूपाला वेळ आणि खर्च जोडून काम केलं, आणि २०१९ मध्ये तिथे गाडी धावू लागली. पण मेट्रोसाठी जे चालतं, ते सात मजल्यांच्या सोसायटीपर्यंत आलेलं नाही. तीस वर्षांवरच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने करावं लागतं, आणि ते झालंच पाहिजे. मात्र त्याचा रोख मुख्यतः सांगाड्यावर असतो. इमारतीच्या आत काय कशावर चालतं, हे त्यात पूर्णपणे येत नाही.

त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक साधा तक्ता पुरतो, तीन रकान्यांचा: वस्तू, संबंध, दुसरी वस्तू. ‘दोन नंबरचा पंप – पुरवतो – बी विंगची टाकी’. प्रत्येक व्हॉल्व्हवर क्रमांक लावा, आणि तोच क्रमांक तक्त्यात घाला. पुढे कोणी संगणकीय प्रारूप केलं तर हाच तक्ता जसाच्या तसा त्यात जाईल.

महापालिकेला माझी विनंती आहे की भोगवटा प्रमाणपत्र देताना नकाशाबरोबर हा तक्ताही घ्यावा, आणि उरलेल्या बावखलांची नोंद करताना कोणतं बावखल कोणत्या विहिरींना पाझर देतं, हे वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून घ्यावं. आणि तुम्ही वसई-विरारमध्ये राहत असाल, तर तुमची इमारत ज्या प्लंबरने जोडली तो अजून हयात असेल. येत्या पावसाळ्याआधी त्याला बोलवा, त्याच्याबरोबर गच्चीपासून चेंबरपर्यंत चाला, आणि तो सांगेल ते लिहून घ्या.