भांगाचं पाणी, नोव्हेंबर १९८२

सचिन स्टेशनवर समुद्र कुठेच नाही. जीआयडीसीच्या बाजूला गेलात की रंगाच्या कारखान्यांचा उग्र वास येतो, साडीच्या ताग्यांनी भरलेले टेम्पो आडवे येतात आणि चहाच्या टपरीवर गुजरातीच्या जोडीला ओडिया, भोजपुरी आणि आपली खानदेशी ऐकू येते. समुद्र आहे तो पश्चिमेला, डुमसकडे. तरी हे संस्थान जन्माला आलं ते एका आरमारी घराण्याच्या भांडणातून. जंजिऱ्याच्या गादीवरून सिद्दींच्या घरात तेढ पडली, वारसदार बाळू मियाँ पेशव्यांच्या आश्रयाला आला आणि १७९१ च्या तहात जंजिऱ्यावरचा हक्क सोडून सचिनचा नबाब झाला. पेशव्यांच्या हाती जंजिरा कधीच आला नाही. सचिन मात्र नबाबाकडे राहिलं, थेट १९४८ पर्यंत. पिढ्यान्‌पिढ्या शिडांवर जगलेल्या घराण्याला शेवटी शेतसारा गोळा करायला मिळाला. डुमसचा किनारा तेवढा संस्थानात होता, म्हणजे नबाबाला समुद्र बघायला तरी मिळत होता.

या किनाऱ्यावर समुद्र कुणाच्या पोटाला आला आणि कुणाच्या हौसेला, हे बघायचं असेल तर सुरतेला जा आणि पहाटेची फ्लाइंग राणी पकडा. तिकिटावर वर्ष १९८२ आहे ना, तेवढं तपासून घ्या.

डबा दोन मजली आहे. गाडीला हे डबे लागून तीनच वर्षं झालीत, त्यामुळे वरच्या मजल्यावरची जागा अजून कौतुकाची. नवसारी मागे पडते तोवर डावीकडे तांबडं फुटतं. पुढे उदवाडा येतं, मग संजाण. इराण सोडून आलेले पारशी याच किनाऱ्यावर, संजाणला उतरले अशी त्यांची परंपरा सांगते. सुरतेच्या गोदीतला लवजी नसरवानजी वाडिया हा त्यांच्यातलाच. ईस्ट इंडिया कंपनीने १७३६ मध्ये त्याला मुंबईला बोलावून घेतलं. त्याच्या वारसांनी मुंबईच्या गोदीत सागवानाची लढाऊ जहाजं बांधली. त्यांतलं १८१७ चं ‘ट्रिंकोमली’ इंग्लंडातल्या हार्टलपूल बंदरात अजून पाण्यावर आहे. म्हणजे तुम्ही ज्या रुळांवरून चाललाय, तीच वाट आधी जहाजबांधणीने धरली होती. ही नावं लक्षात ठेवा, दुपारी लागतील.

समोरच्या बाकावर पन्नाशीचे एक काका आहेत. टेरिकॉटची पँट, मांडीवर पिशवी. मालवणकडचे, परळच्या गिरणीत साच्यावर होते. होते म्हणायचं, कारण १८ जानेवारीपासून संप चालू आहे, अडीच लाख कामगार बाहेर आहेत आणि दहा महिने पगाराचं पाकीट कुणी पाहिलेलं नाही. काका उधन्याला यंत्रमागावर काम मिळतं का बघायला गेले होते. मिळतं, पण बारा तास, आणि पगार ताग्यावर.

“संप मिटतलो मा?” ते तुम्हालाच विचारतात. तुम्ही काळाच्या उलट्या बाजूने आलाय. हा संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला जाणार नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि मुंबईचं कापड भिवंडीला, सुरतेला, पुढे सचिनच्या शेडमध्ये विणलं जाणार आहे हेही. तुम्ही खिडकीबाहेर बघता. लोअर परळ जातं. चिमण्या उभ्या आहेत, धूर नाही.

काकांना आज घाई नाही. परवा एकादशी, वडाळ्याच्या विठोबाला जायचं, तोवर मोकळेच. तुम्ही अपोलो बंदरावर शिडांच्या शर्यती बघायला चाललाय म्हटल्यावर ते पिशवी काखेत मारून निघतात. एशियाड दिल्लीत चालू आहे, पेपरात रोज अप्पू हत्ती असतो. पण दिल्लीला समुद्र नाही, म्हणून शिडाच्या होड्यांचे सामने मुंबईला.

गेटवेसमोर गर्दी आहे ती कबुतरांची आणि फुगेवाल्यांची. होड्यांसाठी आलेले थोडेच. डावीकडे यॉट क्लबच्या इमारती. क्लब १८४६ चा, पुढे नावामागे ‘रॉयल’ लागलं. इंग्रजी अमलात हिंदी माणसाला तिथे सभासद होता येत नसे. होड्या घासणारे, शिडं वाळवणारे, साहेबाला उचलून पाण्यातून होडीत ठेवणारे हात मात्र कायम इथलेच. पाण्याकडचं जुनं क्लबघर आता अणुऊर्जा खात्याकडे आहे, आणि हा बदल मला व्यक्तिशः फार आवडतो. क्लब समोरच्या इमारतीत नांदतोय आणि सभासदांची यादी देशी झालीय. तरी धक्क्यावर कोण दोर धरतं आणि होडीत कोण बसतं, ती विभागणी फारशी हललेली दिसत नाही.

या बंदराचं वर्ष पावसाने कापलेलं आहे. जूनमध्ये होड्या वर घेतात, तळ खरवडतात, रंग देतात. कोळी नारळी पौर्णिमेला नारळ सोडून बाहेर पडतो, हौशी शिडवाला त्यानंतरही थांबतो. वारा नैऋत्येचा हट्ट सोडतो, पाणी निवळतं, आणि ऑक्टोबरात शर्यतींचा हंगाम उघडतो. दिवाळीनंतरचे हे दिवस सगळ्यात गोड: सकाळी जमिनीवरून मतलई वारा, दुपारी समुद्रावरून खारा, आणि मध्ये एक तास काहीच नाही.

तुम्ही लाँचमध्ये बसता. तांडेल ससून डॉकजवळचा कोळी आहे. काका त्याला तिथी विचारतात, तो बोटं मोजत सांगतो, नवमी. नऊ त्रिक सत्तावीस, भागिले चार, पावणेसात. पावणेसातला भरती लागून गेली, एकला सुकती संपणार. छापील तक्ता कुणी मागत नाही. अष्टमी-नवमीचं पाणी म्हणजे भांग, चढउतार कमी, ओढ मंद. पौर्णिमेचं उधाण असतं तर याच जागी पाणी पंधरा फुटांपर्यंत चढलं-उतरलं असतं आणि शर्यत वाऱ्याऐवजी ओढीशीच झाली असती.

लाँच बंदराच्या तोंडाकडे येते. इंजिन बंद. मतलई पडलाय, खारा यायचाय. लांबवर चिमुकल्या होड्या शिडं लोंबती ठेवून उभ्या आहेत. उन्हाने डोळे मिटतात, आणि उघडता तेव्हा होड्या नाहीत.

दक्षिणेला खांदेरी दिसतंय, पण त्यावर दीपगृह नाही. ऑक्टोबर १६७९. ऑगस्टमध्ये, भर पावसात, शिवाजी महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारी दीडशे माणसं घेऊन त्या खडकावर चढलाय आणि तटाचे चिरे रचतोय. इंग्रजांना ते मुंबईच्या नरड्यावर बोट ठेवल्यासारखं वाटतंय. त्यांची ‘रिव्हेंज’ आणि इतर जहाजं बेटाभोवती नांगरून आहेत, रसद तोडायला. आणि आत्ता, या निवांत तासात, ती मोठी शिडं फडक्यासारखी लटकली आहेत.

थळच्या किनाऱ्याच्या सावलीतून गलबतं निघतात. लहान, उथळ, वल्ह्यांची. दगड, पाणी, धान्य, माणसं. शिडावर अवलंबून असलेल्याला वारा पडला की हात बांधले जातात; वल्हेवाल्याला तोच मुहूर्त. गलबतं मोठ्या जहाजांना जिथे तळ लागेल अशा पाण्यातून सटकतात. रात्री मतलई सुटला की पुन्हा. या खेळात हरलेल्याला उपाशी मरायचं असतं, म्हणून इथे कुणी अर्धा क्षणही वाया घालवत नाही. नोव्हेंबरात सुरतेहून सिद्दीचं आरमार इंग्रजांच्या मदतीला उतरेल. त्या आरमाराचा पैसा सुरतेच्या मोगली खजिन्यातून येतो. बाळू मियाँचे पूर्वज ते हेच. तरीही जानेवारीत इंग्रज तह करून निघून जातील, खांदेरी मराठ्यांकडे राहील आणि सिद्दी शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडून बसेल. शाळेत आपल्याला सुरत शिकवतात ती १६६४ ची, लुटीची. सुरतेहून आपल्यावर चालून आलेली शिडं कुणी शिकवत नाही.

धडाम. तोफेचा आवाज, पण बारका. काका तुमचा दंड धरून हलवतात. पुन्हा १९८२. दहा मिनिटांची खूण झालीय, दुसरी पाचला, मग सुटायचं.

वायव्येकडून पाण्यावर काळपट सुरकुती सरकत येते आणि आतापर्यंत झोपलेल्या होड्या एकदम जाग्या होतात. निळ्या शिडाच्या त्या एंटरप्राइज. एकट्या माणसाच्या त्या ओके डिंगी. पण नजर धरून ठेवते ती फायरबॉल: पाच मीटरची, पुढून सपाट, दिसायला लाकडी पेटीच. एक जण सुकाणूवर, दुसरा डोलकाठीला बांधलेल्या तारेला लटकून अख्खा होडीबाहेर, पाय काठावर, पाठ पाण्याला लागेल इतकी आडवी. “पडतलो तो,” काका म्हणतात. तो पडत नाही. जोर वाढला की तो आणखी बाहेर जातो, कमी झाला की गुडघे मुडपून आत, आणि होडी सुतात राहते.

शर्यत कशी बघायची ते काका तुम्हाला शिकवतात, खरं तर मालवणच्या खाडीतून आलेलं शहाणपण. वरचा बोया थेट वाऱ्याच्या तोंडाशी आहे. वाऱ्याच्या तोंडावर कुठलीच होडी जात नाही, तेव्हा सगळ्या नागमोडी निघतात. डावी बाजू धरायची की उजवी, यातच अर्धी शर्यत. एक वाजून गेलाय, पाणी फिरतंय, आणि ते काठाजवळ आधी फिरतं. कुलाब्याच्या अंगाने जाल तर नवी भरती तुम्हाला उचलून देईल. पण तिकडेच उंच इमारती आहेत, वारा त्यांच्यावरून तुटत तुटत येतो. बाहेर वारा भरघोस, पण पाणी अजून उलटं. निम्म्या होड्या काठाकडे जातात, निम्म्या बाहेर. तांडेल मान हलवतो: “आत गेले ते बरोबर.” वीस मिनिटांनी आत गेलेले पुढे असतात. नौदलाच्या बोटीतला माणूस हात करून तुमच्या लाँचला लांब जायला सांगतो.

त्या फायरबॉलपैकी एकीवर फारोख तारापोर आणि झरीर करंजिया आहेत. इथेही तुम्हाला पुढचं माहीत आहे: या वर्गाचं सुवर्णपदक त्यांचं. आणि एंटरप्राइजचं सुवर्ण सीमेपलीकडे, कराचीच्या बैराम आणि गोश्पी आवारी या जोडप्याचं. नवराबायको एका होडीत, दिवाळी नुकती सरलेल्या मुंबईत, पाकिस्तानचा बावटा लावून. आता सकाळची नावं आठवा. दोन देशांची दोन सुवर्णपदकं आणि दोन्हीकडे पारशी नावं, सकाळी तुमची गाडी ज्यांच्या बंदरावरून गेली त्यांचीच. तारापोर हे आडनाव तर त्याच रुळांजवळच्या गावाचं. हौसेच्या शिडाला आधी पैसा लागतो, पैशातून क्लब, क्लबातून रविवारची होडी, आणि होडीतून हे कसब. त्यांच्या कसबाबद्दल शंका नको, समोर दिसतंय. पण हे कसब जोपासायला पिढ्यांचे रविवार मोकळे लागतात, आणि काकांच्या चाळीत रविवार म्हणजे कपडे धुण्याचा दिवस.

“तुमची होडी उतरवली यांच्यात, तर?” तुम्ही तांडेलाला विचारता.

त्याला प्रश्न बावळट वाटतो. “आमची शर्यत रोजचीच हाय. जो आधी ससून डॉकला लागंल त्याला भाव. दुसऱ्याला बरफ.”

काका खूश होतात. पिशवीतून चुरमुऱ्याची पुडी निघते आणि तिघांत फिरते. मग दोघे शिडांवर घसरतात. हल्लीच्या पोरांना शीड बांधता येत नाही, सगळ्यांना इंजिन हवं, डिझेलचा भाव काय झालाय. मालवणी आणि कोळी बोली एकमेकींना धक्के देत छान चालतात. समोर आशिया खंडाची स्पर्धा चालू आहे आणि हे दोघे डिझेलवर आले आहेत. तुम्हाला हसू येतं, पण याच बंदरावरचा गप्पांचा अड्डा तुम्ही बघायला आला होता की नाही? क्लबच्या आवारातही आत्ता हेच चाललं असेल, फक्त चुरमुऱ्यांऐवजी बिअर आणि डिझेलऐवजी पंचांचे निकाल.

चार वाजून गेले. दुसरी फेरी संपते तोवर खारा वारा थकायला लागतो. हिवाळ्याच्या तोंडावर तो असाच, उशिरा येतो आणि लवकर घरी जातो. होड्या अंतिम रेषेवरून एकेक करून सरकतात, मग थांबतात. निळी शिडं पुन्हा लोंबतात. किनारा मैलभर लांब, भरतीची मंद ओढ त्यांना गोदीच्या दिशेने नेतेय, क्लबच्या नाही.

पंचांच्या बोटीवरून कुणीतरी शीळ घालून तांडेलाला बोलावतं. तो इंजिन चालू करतो, विडी कानावर अडकवतो आणि मागचा दोर मोकळा करतो. पहिल्या होडीतला मुलगा दोर झेलतो, आपल्या डोलकाठीला बांधतो, त्याच्या मागे दुसरी होडी, तिसरी, चौथी. माळ तयार होते. काका मागच्या फळीवर उभे राहून दोर हातात घेतात, कुणी सांगितलेलं नसताना.

“ए बावा, फळी वर घे आधी!” तांडेल ओरडतो. “आणि दोर ढिला नको सोडूस, परत फिरायला येनार नाय मी!”