आवाक्यातील ध्येय

मोठे ध्येय डोळ्यांपुढे ठेवावे, असा उपदेश आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेला असतो. परंतु ते ध्येय आपल्या पावलांच्या टप्प्यात कसे आणावे, हे सांगणारा विरळा. या दृष्टीने अण्णासाहेब कर्वे यांचे चरित्र मननीय आहे.

1875 साली ते मुरूडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास परीक्षेसाठी गेले आणि वयाने लहान दिसतात, एवढ्याच कारणावरून परत फिरविले गेले. तीच परीक्षा त्यांनी पुढे कोल्हापुरास दिली. निराशेत वेळ न दवडता पुढचे पाऊल शोधावयाचे, हा स्वभाव तेव्हापासूनचा.

त्याची खरी कसोटी पुढे लागली. 1893 साली त्यांनी विधवा गोदूबाईंशी विवाह केला. मुरूडच्या ज्ञातिबांधवांनी बहिष्कार घातला आणि त्याची झळ वृद्ध मातेसही लागली. त्याच वर्षाअखेर त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापिली. तथापि अनुभवाने त्यांस दिसून आले की, असे विवाह हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होणार, आणि घरोघरच्या बालविधवा मात्र कोपऱ्यातच राहणार. मुलीस पुनर्विवाहाची परवानगी न देणारा बाप तिला चार अक्षरे शिकू देण्यास कदाचित तयार होईल, हे त्यांनी ओळखले. म्हणून 1896 साली अनाथ बालिकाश्रम निघाला आणि तेथे पुनर्विवाहाचा पुरस्कार करावयाचा नाही, असे ठरले.

कित्येक सुधारकांस ही माघार वाटली. तो आक्षेप अगदीच निराधार होता, असे म्हणवत नाही. कारण एक न्याय्य प्रश्न त्यामुळे मागे पडला. परंतु ज्या मुली शिकून स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या, त्यांच्या दृष्टीने पाहिले म्हणजे या निवडीचे मोल कळते.

1900 साली आश्रम हिंगण्यास एका झोपडीत गेला. फर्ग्युसन कॉलेजातील गणिताचे अध्यापन आटोपून अण्णासाहेब चिखल तुडवीत तेथे पायी जात. 1907 साली महिला विद्यालय, 1916 साली महिला विद्यापीठ, अशा एकामागून एक पायऱ्या चढत गेल्या. विद्यापीठ निघाले तेव्हा त्यांचे वय 58 वर्षांचे होते. आणि हिंगण्याची वाट तुडविताना त्याचा आराखडा त्यांच्यापाशी खचित नव्हता.

104 वर्षांच्या आयुष्यात ते कधी रिकामे बसले नाहीत. आजचे काम आज पुरे झाले, या समाधानावर त्यांचे उद्याचे काम उभे राही. सुख म्हणतात ते याहून फारसे निराळे नसावे.